तालमीचे साठ दिवस आणि चार लाख : एका नाटकाच्या अंदाजपत्रकाचं प्रकरण

अनुदानासाठी केलेला अर्ज परत आला तेव्हा सोबत तीन ओळींचं पत्र होतं. नट आणि तंत्रज्ञांच्या मानधनाची तरतूद दिसत नाही. 'इतर खर्च ६०,०००' याचा तपशील नाही. तिकीटविक्रीचं उत्पन्न आणि संस्थेचा स्वतःचा हिस्सा दाखवलेला नाही. संहितेबद्दल त्या पत्रात एक अक्षरही नव्हतं. दादांना, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांना, त्याचंच जास्त लागलं. मला मात्र त्या तीन ओळी वाचून पहिल्यांदा कळलं की आपण नाटकाचा अर्ज केला होता, पण नाटक कसं उभं राहतं हे अर्जात कुठेच सांगितलं नव्हतं.

मी सांगलीतल्या एका हौशी मंडळाची खजिनदार. दिवसा पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी तालीम. ही हकिकत २०२२ ते २०२४ या काळातली आहे. अनुदान देणाऱ्या संस्थेचं आणि मंडळाचं नाव मी लिहीत नाही. आकडे मात्र सगळे देते, कारण अंदाजपत्रकाबद्दल आकड्यांशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

नाटक होतं २०१९ च्या महापुरावर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर एक कुटुंब घर धुवायला परत येतं आणि घर धुता धुता एकमेकांचं काय काय वर येतं, एवढीच गोष्ट. आठ नट, एक घर, दोन अंक.

पहिलं अंदाजपत्रक आम्ही एका बैठकीत उरकलं होतं. नेपथ्य १,५०,०००, प्रकाश ६०,०००, वेशभूषा आणि रंगभूषा ४०,०००, संगीत ४०,०००, नाट्यगृहाचं भाडं ९०,०००, प्रवास ६०,०००, जाहिरात ५०,०००, इतर ६०,०००. एकूण साडेपाच लाख, आणि मागणीही साडेपाच लाखांचीच. अर्जाच्या पहिल्या पानावर १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात केलेल्या 'सीता स्वयंवरा'वर एक सुंदर परिच्छेद होता. बजेटच्या पानावर मात्र एकाही आकड्यापुढे तो कुठून आला हे लिहिलेलं नव्हतं.

यामागे आमची सवय होती. राज्य नाट्य स्पर्धेत वाढलेलं मंडळ एका प्रयोगाच्या हिशेबाने विचार करतं. हॉल स्पर्धेचा, नट आपलेच, कपडे घरातले. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची सवय इतकी मुरलेली की माणसांच्या कामाला किंमत लावणं म्हणजे नाटकाचा अपमान, असं आमच्यातल्या ज्येष्ठांना मनापासून वाटायचं. मी त्या भावनेचा आदर करते. पण अनुदान देणाऱ्याच्या नजरेने बघा. आठ माणसं साठ दिवस राबणार आणि कागदावर त्यांचा खर्च शून्य. मग एक तर ही माणसं राबणार नाहीत, किंवा हे पैसे 'इतर'मधून जाणार. दोन्ही संशय रास्त आहेत.

दुसऱ्या वर्षी मी आधी आकडे लिहिलेच नाहीत. दादांना म्हटलं, "मला तालमींचं कॅलेंडर द्या. वाचन किती दिवस, ब्लॉकिंग (रंगमंचावरच्या हालचाली बसवणं) किती, रंगीत तालीम कधी." ते आधी वैतागले. मग चार दिवसांनी कागद आणून दिला : साठ दिवस, रोज तीन तास, पहिले आठ दिवस बसून वाचन. त्या कागदावरून मला कळलं की सगळ्यात मोठा खर्च नेपथ्याचा नव्हताच. तो साठ दिवसांचा होता.

एका तालमीचा दर काय लावायचा? कुणी म्हणालं शंभर, कुणी पाचशे. मी प्रत्येकाला वेगळं बसवून एकच विचारलं : एका तालमीला आलात तर खिशातून काय जातं? एकाची शिकवणी बुडत होती. दोघांचं पेट्रोल होतं. आजीची भूमिका करणाऱ्या मावशी हरिपूरहून यायच्या. त्या इस्पितळात आया आहेत. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, रात्रपाळीचा भत्ता असतोय. तालीम असली की मी रात्रपाळी घेत नाही." म्हणजे आमच्या मागच्या तीनही नाटकांचा एक निर्माता इस्पितळातल्या त्या रात्रपाळ्या होत्या, आणि ते कुठल्याच हिशेबात नव्हतं. आठ जणांची सरासरी २४० च्या आसपास आली. आम्ही २५० धरले. आठ नट, साठ तालमी, अडीचशे रुपये : १,२०,०००. अंदाजपत्रकात मी तो गुणाकारच लिहिला, नुसती बेरीज नाही. प्रत्येक ओळीसमोर 'हिशेबाचा आधार' असा एक रकाना केला. पुढे निवड समितीसमोर चर्चा झाली तेव्हा जवळपास सगळे प्रश्न याच रकान्यावर आले आणि प्रत्येकाला उत्तर होतं.

आता नेपथ्याचं सांगते, कारण तिथे बजेट आणि नाटक एकमेकांना खरंखुरं भिडलं. आमच्या नेपथ्यकाराने रंगमंचावर खरं पाणी ठेवायचं ठरवलं होतं. बारा फूट बाय आठ फुटांचा फायबरचा ट्रे, त्यात चार इंच पाणी, आणि नट त्यातून चालणार. रेखाटन अप्रतिम होतं. मी फक्त गणित केलं : ३२ घनफूट, म्हणजे सुमारे ९०० लिटर, म्हणजे ९०० किलो. प्रत्येक गावी ते भरायचं, उपसायचं. लाकडी रंगमंच ते पेलेल का, हे प्रत्येक नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला विचारायचं. पाण्याशेजारून दिव्यांच्या केबल जाणार. ट्रेसाठी मोठा टेम्पो, भरण्या-उपसण्यासाठी हॉलचं आणखी एक सत्र. हे सगळं मी ट्रेच्या एका ओळीत न दडवता पाच ओळींत फोडलं आणि तो कागद तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर पसरला.

कुणी काही बोलेना. मग दादांनी संहिता उघडली आणि पाणी नेमकं कुठे लागतं ते शोधायला लागले. चाळिशेक पानं उलटल्यावर म्हणाले, "अरे, पाणी तर ओसरलंय. नाटक सुरू होतं तेच ओसरल्यावर." उरलं होतं काय, तर भिंतीवरची खूण. सांगलीत पूर आलेल्या प्रत्येक घरात ती असते. रंग देऊनही पावसाळ्यात पुन्हा उमटते. नेपथ्यकाराने रात्रीत नवं रेखाटन केलं. एक भिंत, एक दार, तीन लेव्हल (कमी-जास्त उंचीचे चौथरे), आणि खांद्याच्या उंचीवर चिखलाची आडवी रेघ. प्रत्येक प्रयोगाआधी ती रेघ आठही नट हाताने ओढणार, नदीकाठच्या ओल्या मातीने. नेपथ्याचा आकडा ६२,००० वर आला. नाटक त्या रेघेने जास्त धरून ठेवलं असं मला आजही वाटतं, पण सांगायचा मुद्दा वेगळा आहे. 'नेपथ्य १,५०,०००' एवढीच ओळ असती तर आम्ही ती घासाघीस करून सव्वा लाखावर आणली असती आणि ट्रे थोडा लहान केला असता. ओळ फोडल्यामुळेच आम्ही संहितेपर्यंत गेलो.

सहा प्रयोग ठरवले : सांगली दोन, मिरज, कोल्हापूर, सातारा, पुणे. दुसरं अंदाजपत्रक असं उभं राहिलं :

लेखक : लेखनाचे २५,००० आणि प्रयोगामागे २,५०० प्रमाणे सहा प्रयोग : ४०,०००
दिग्दर्शक : ५०,०००
नेपथ्य, प्रकाश, संगीत आणि वेशभूषा यांचे चार योजनाकार : ८५,०००
नट, तालमी आणि प्रयोग (प्रयोगामागे प्रत्येकी १,०००) : १,६८,०००
बॅकस्टेज, पाच जण, प्रयोगामागे ८०० : २४,०००
निर्मिती व्यवस्था : ३०,०००
नेपथ्य : ६२,०००
कपडे आणि प्रॉपर्टी (रंगमंचावर वापरायच्या वस्तू) : २८,०००
लाइटचं भाडं, सहा प्रयोग, ९,००० प्रमाणे : ५४,०००
ध्वनी आणि रेकॉर्डिंग : २२,०००
तालमीची जागा, ६० दिवस, ३०० प्रमाणे : १८,०००
नाट्यगृह, रंगीत तालमीसह सात सत्रं : ८४,०००
टेम्पो, मिनीबस, जेवण, पुण्यातला मुक्काम : १,१२,२००
जाहिरात : ३५,०००
परवानग्या आणि लेखापरीक्षण : १५,०००
आकस्मिक, ५ टक्के : ४१,३६०
एकूण : ८,६८,५६०

साडेपाच लाखांचं नाटक पावणेनऊ लाखांचं झालं म्हणून बैठकीत गलका झाला. खरं तर ते आधीही तेवढंच होतं. फरक मावशींसारख्यांच्या खिशातून जात होता.

उत्पन्नाच्या बाजूला आम्ही चार गोष्टी लिहिल्या. तिकीटविक्री १,६२,०००. हळदीच्या एका व्यापाऱ्याची देणगी ५०,०००. मंडळाची रोख ६०,०००. आणि श्रमदानाचा हिस्सा ९८,००० : दादांनी दिग्दर्शनाचं, मी व्यवस्थेचं मानधन घेतलं नाही, आणि शाळेने तालमीचा हॉल फुकट दिला. हे आधी खर्चात पूर्ण दराने दाखवायचं आणि मग उत्पन्नात तेवढंच जमा दाखवायचं. प्रत्येकाचं सहीचं पत्र जोडलं. शाळेच्या पत्रात तर 'एरवी आकारला जाणारा दर रोज ३०० रुपये' असं वाक्य मुद्दाम लिहून घेतलं. मात्र असा हिस्सा सगळेच धरत नाहीत, काहींना फक्त रोख चालते. म्हणून तो वेगळा दाखवावा, म्हणजे काढून टाकला तरी उरलेली बेरीज मोडत नाही. आमची मागणी उरली ४,९८,५६०. (केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या कार्यक्रम आणि निर्मिती अनुदानातही एरवीची कमाल मर्यादा पाच लाखच आहे. मंडळं बहुतेक वेळा आधी हा आकडा बघतात आणि मग खर्च त्याच्यापर्यंत ओढतात. तसं केलेलं लगेच ओळखू येतं.)

तिकिटांचा अंदाज हा माझ्या काळजीचा भाग होता. मागच्या तीन नाटकांची जुनी तिकीटबुकं काढली. पास वजा केले. आपल्याकडे भरलेलं नाट्यगृह आणि विकलेलं नाट्यगृह यांत बराच फरक असतो. प्रयोगामागे विकलेल्या तिकिटांची सरासरी १८० च्या जवळ आली, दर १५० रुपये. नाटकाच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही, त्यामुळे १५० म्हणजे पूर्ण १५०. नाट्यगृहाच्या भाड्यावर मात्र तो लागतो, म्हणून भाड्याचे आकडे आम्ही करासकटच धरले होते.

मंजूर झाले चार लाख. तीन लाख आधी, एक लाख हिशेब आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर.

९८,५६० कमी. पहिली सूचना आली ती प्रत्येक ओळ बारा टक्क्यांनी कापायची. मी त्याला ठाम विरोध केला. टेम्पोवाला बारा टक्के कमी अंतर जात नाही. सरसकट कपातीत खरं कोण कापलं जातं? जो बोलत नाही तो, म्हणजे नट आणि बॅकस्टेज. तेव्हा एक आख्खा प्रयोग काढून बघितला, पुण्याचा. टेम्पो १८,०००, मिनीबस २२,०००, मुक्काम ११,२००, हॉल १८,०००, लाइट ९,०००, नट ८,०००, बॅकस्टेज ४,०००, जेवण ३,५००, लेखक २,५०० : ९६,२०० वाचत होते. तिकिटांचे २७,००० जात होते. निव्वळ बचत ६९,२००. आकस्मिकचे पाच टक्के त्याच प्रमाणात ४,८१० ने उतरले. वर्तमानपत्रातली जाहिरात काढून १५,०००. उरलेले ९,५५० मंडळाने घातले.

पुण्याचा प्रयोग हे दादांचं स्वप्न होतं. दोन दिवस ते तालमीला फक्त कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी सुधारित अंदाजपत्रकावर त्यांनीच पहिली सही केली. ते आम्ही अनुदान देणाऱ्या संस्थेला पाठवलं आणि लेखी मान्यता येईपर्यंत एक रुपया हलवला नाही. हे पत्र घ्यायला मंडळं संकोचतात. संकोचू नये. हिशेबाच्या वेळी 'सहा प्रयोग लिहिले होते, पाच का' या प्रश्नाला तेच एक उत्तर असतं.

आता रोख हिशेब ६,५४,५५० चा होता आणि कागदावर जमाखर्च बरोबर जुळत होता. पण कागद वर्षाचा असतो, सुतार शनिवारचा. मी महिन्यांचा तक्ता केला. शुभारंभाआधी लागणार ३,७३,०००, हातात ४,१९,५५०. शिल्लक ४६,५५०. मग प्रयोग सुरू. सांगलीतल्या एका प्रयोगाचा खर्च ३८,०००, तिकिटांचे २७,०००. म्हणजे घरच्या प्रयोगालाही अकरा हजारांची तूट. मिरजेला १४,०००, कोल्हापूरला २४,०००, साताऱ्याला ३५,०००. पाच प्रयोगांची तूट ९५,०००. लेखापरीक्षण आणि आकस्मिक धरलं तर शेवटचा हप्ता येण्याच्या आदल्या दिवशी मंडळ बरोबर एक लाखाने खाली असणार होतं.

हा तक्ता बघितला तेव्हा मी घाबरले, खरं सांगते. पण तो ऑक्टोबरात बघितला, फेब्रुवारीत नाही. चारही योजनाकारांशी लेखी ठरवलं की अर्धं मानधन, ४२,५००, शेवटचा हप्ता आल्यावर. एका सभासदाने ३६,००० बिनव्याजी दिले, त्याचा ठराव इतिवृत्तात घेतला. नट, बॅकस्टेज, टेम्पो यांचे पैसे अडवायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. ज्याचं घर त्या पैशावर चालतं त्याला शेवटच्या हप्त्याची वाट बघायला लावू नये.

चुका झाल्याच. उत्साहाच्या भरात सुताराला मंजुरीचं पत्र येण्याआधी दहा हजार आगाऊ दिले. पत्राच्या तारखेआधीचा खर्च अनुदानातून चालत नव्हता, म्हणून तो मंडळाच्या हिश्श्यात टाकावा लागला. दुसरी चूक लेखकाच्या बाबतीत. पाच प्रयोग धरून त्यांचे ३७,५०० होत होते. व्यावसायिक मानधन वर्षाला ३०,००० च्या पुढे गेलं की तेव्हा आयकर कायद्याच्या कलम १९४ जे खाली पूर्ण रकमेवर दहा टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) लागायचा (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली). ३,७५० कापले जाणार हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते कमी मिळाल्यासारखं वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. आता मानधनाच्या पत्रातच 'करकपातीसह' असं लिहिते आणि फोनवरही सांगते.

हमाल, चहा, माती आणणारा रिक्षावाला, यांची बिलं मिळत नाहीत. त्यांच्यासाठी छापील व्हाउचर : नाव, काम, तारीख, सही. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. ही कामं प्रयोगाच्या रात्रीच करावी लागतात. दुसऱ्या दिवशी हमाल सापडत नाही. व्हाउचरचं पुस्तक मी रंगपटात मेकअपच्या आरशाखाली ठेवायचे. पहिल्या प्रयोगानंतर मावशींनी सही करताना विचारलं, "कामाच्या रकान्यात काय लिहू?" मी म्हटलं, "अभिनेत्री." त्यांनी ते सावकाश, जोडाक्षर नीट काढून लिहिलं.

डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच प्रयोग झाले. सांगलीत २३१ आणि २०४ तिकिटं, मिरजेत १६३, कोल्हापूरला १७२, साताऱ्याला ९४. एकूण ८६४, म्हणजे १,२९,६००. अंदाजापेक्षा ५,४०० कमी. साताऱ्यात डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारं यंत्र) बंद पडला, दुसरा भाड्याने आणायला ६,५०० गेले. मिनीबसचे २,२०० वाढले. हे सगळं आकस्मिकने झेललं आणि त्यातले २२,४५० उरले.

हिशेबाची फाइल मार्चअखेर गेली. प्रत्येक बिलावर अंदाजपत्रकातला ओळ क्रमांक पेन्सिलीने टाकला होता. केंद्र सरकारचं अनुदान असतं तर विनियोग प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यात लागलं असतं. या संस्थेचा स्वतःचा नमुना होता, पण विचारलेलं साधारण तेच : काय मंजूर झालं, कशावर गेलं, किती उरलं. एकच शंका आली, मिरजेच्या टेम्पोच्या पावतीवर तारीख नव्हती. टेम्पोवाल्याकडून पत्र घेऊन पाठवलं.

एक लाख जुलैमध्ये जमा झाले. त्याच आठवड्यात योजनाकारांचे ४२,५०० आणि सभासदाचे ३६,००० चुकते केले. भिंत आणि दार शाळेच्या मागच्या खोलीत ठेवलं आहे. पुण्याच्या एका प्रयोगाबद्दल विचारणा आली तेव्हा दादांनी तालमीचं कॅलेंडर काढलं, आणि मी टेम्पोवाल्याला फोन लावला.